कोड पोचला, नोंद मागे राहिली

खोडदच्या दुर्बिणीची गोष्ट सहसा तिच्या ३० अँटेनांपासून सांगतात. मला ती कल्याणपासून सांगावीशी वाटते. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप रेडिओ खगोलशास्त्र शिकायला ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत गेले. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या होत्या आणि त्यांचं तिथलं काम संपत आलं होतं. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागितल्या. ऑस्ट्रेलियाने त्या भेट म्हणून देऊनही टाकल्या. अडलं ते वाहतुकीच्या खर्चावर. तो कोणी सोसायचा या घोळात काही वर्षं गेली. अखेर १९६५ मध्ये त्या तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या गटाने त्यांवर काम सुरू केलं. देणाऱ्याची ना नव्हती, घेणाऱ्याला हवंच होतं, तरी मधली वाट दहा वर्षांची झाली.

हेच स्वरूप पुढे उटीची दुर्बीण बांधून जुन्नर तालुक्यात आले. शहरांचा गोंगाट लांब, भोवती डोंगरांचा आडोसा, मोठे कारखाने नाहीत, म्हणून खोडदचं शिवार निवडलं गेलं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ खोडदजवळ सुमारे एका चौरस किलोमीटरात, उरलेल्या १६ तीन भुजांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दक्षिणेची भुजा आंबेगाव तालुक्याच्या दिशेला जाते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी अर्पण झाली. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला जुन्नर-आंबेगावच्या शाळांची पोरं इथे लोटतात. ती मान वर करून तबकड्या बघतात, आणि बघाव्यातच. पण दुर्बिणीचा अर्धा भाग डोळ्यांना दिसत नाही. तो सॉफ्टवेअरचा आहे. तो एकट्या खोडदने लिहिला नाही आणि एका जागी ठेवलेलाही नाही. तो कुठून कुठून आला, कोणत्या वाटेने आला आणि येताना वाटेत काय सांडलं, याचा हा इतिहास आहे.

३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीचे संदेश एकमेकांशी गुणून पाहिले तरच आकाशाचं चित्र तयार होतं. हा गुणाकार करणाऱ्या यंत्राला कोरिलेटर म्हणतात. खोडदचा पहिला कोरिलेटर म्हणजे सर्किटांनी भरलेली कपाटंच होती, आणि त्याच्या पोटात ज्या खास चिप होत्या त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेने, म्हणजे एनआरएओने, आपल्या व्हीएलबीए या दुर्बीणजाळ्यासाठी घडवलेल्या. म्हणजे आरंभापासूनच उसनवारी होती. चिपचं एक बरं असतं, ती जशी आहे तशी बसवायची. तिच्यात दुरुस्ती करून परत पाठवायचा प्रश्न येत नाही.

तो प्रश्न आला सॉफ्टवेअरबरोबर. कोरिलेटरमधून निघणारी माहिती खोडदच्या स्वतःच्या एलटीए नावाच्या फाइलींत साठते. ती लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स या इथल्याच दोन प्रोग्रॅममधून काढून जगाला कळणाऱ्या फिट्स स्वरूपात आणायची, आणि मग एनआरएओच्या एआयपीएस या पॅकेजमध्ये टाकायची. एआयपीएस १९७८ पासून लिहिलं जात होतं, फोर्ट्रानमध्ये, आणि पुढे जीपीएल परवान्याखाली मोकळं झालं. जगभरच्या वेधशाळांत त्याच्या प्रती असत आणि त्या ताज्या ठेवायला एक सोय होती, ‘मिडनाइट जॉब’. रात्री संगणक आपणहून एनआरएओकडे जोडला जायचा, दिवसभरात बदललेल्या फाइली उतरवून घ्यायचा आणि त्या पुन्हा कंपाइल करायचा. सकाळी आलेल्या माणसाला नवी प्रत तयार.

सोय झकास, पण एकतर्फी. अमेरिकेतून बदल येत. तुम्ही इथे एखादी चूक दुरुस्त केलीत तर ती परत नेणारा रात्रीचा गडी नव्हता. दुरुस्ती पत्राने कळवायची, आणि एरिक ग्रायसेनसारख्या तिथल्या जाणत्याने ती वाचून, पटली तर, स्वतःच्या हाताने आत घालायची. तरीही एआयपीएसने एक गोष्ट फार शहाणपणाने केली. प्रत्येक बदल ‘चेंज डॉक’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिला जाई: अनुक्रमांक, तारीख, कोणता प्रोग्रॅम, कोणी बदलला आणि का. ही फाइल पॅकेजबरोबरच हिंडायची. त्यामुळे संगणक बदलले, ऑपरेटिंग सिस्टिमा बदलल्या, तरी नोंद मालाबरोबरच राहिली.

यानंतरचा प्रयोग मोठा होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एआयपीएसची जागा घेणारं नवं पॅकेज सगळ्यांनी मिळून लिहायचं ठरलं, एआयपीएस प्लस प्लस. भागीदारांत एनआरएओबरोबर ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, ब्रिटन, कॅनडा इथल्या संस्था होत्या आणि जीएमआरटी बांधणारी आपली टाटा संस्थाही. आता घेणारे सगळेच देणारेही होणार होते. मूळ प्रत एका ठिकाणी, बाकीच्या केंद्रांवर तिच्या प्रती, आणि बदलांचा हिशेब ठेवायला आरसीएस. ही पद्धत पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांची, १९८० च्या दशकातली. तिच्यात फाइलीला कुलूप लावायचं, बदल करायचा, कुलूप काढायचं. कुलूप लागलेलं असेपर्यंत दुसऱ्याने त्या फाइलीला हात लावायचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या मार्क कॅलाब्रेटा यांनी यावर जी व्यवस्था उभारली तिच्यातल्या आज्ञांची नावं मजेशीर होती. मुख्य केंद्र ‘एक्झेल’ करायचं, बाकीची केंद्रं ‘इन्हेल’ करायची, आणि मग ‘स्नीझ’ म्हटलं की सगळं कंपाइल. खंडाखंडांवर पसरलेल्या लोकांनी एकाच पॅकेजवर लिहायचं, तेही वेबच्या बाल्यावस्थेत, हे आजही धाडसाचं वाटतं. पुढे भागीदारी विस्कटली, पण कोड मेला नाही. त्याच्यातूनच कासा हे पॅकेज निघालं, आणि जीएमआरटीचे कितीतरी शोधनिबंध आज त्यावर होतात.

इथे जरा थांबून या हिशेबाच्या पद्धतींबद्दल बोलायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यांतच आहे. जुन्नरच्या शेतकऱ्याला हे समजावायला सातबारा पुरेसा आहे. सातबाऱ्यावर दिसते ती आजची स्थिती, जमीन कोणाची आणि पीक कोणतं. ती तशी का झाली, हे कळतं फेरफाराच्या नोंदवहीत: वारस लागले, खरेदी झाली, वाटप झालं. नोंद तलाठी घालतो, प्रमाणित मंडळ अधिकारी करतो, आणि दोघांची नावं वेगळी राहतात. सोर्स कोडचंही तसंच. आजचा कोड म्हणजे सातबारा. प्रत्येक कमिट म्हणजे एक फेरफार. फरक इतकाच की गेल्या पन्नास वर्षांत या नोंदवह्यांचे नमुने सारखे बदलत गेले. बेल लॅब्जची एससीसीएस १९७२ ची. मग आरसीएस. मग सीव्हीएस, मग २००० मध्ये सुरू झालेलं सबव्हर्जन, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये एकाच महिन्यात जन्मलेली गिट आणि मर्क्युरिअल ही भावंडं.

एका नमुन्यातल्या नोंदी दुसऱ्यात उतरवताना काय होतं? सीव्हीएस प्रत्येक फाइलीचा इतिहास वेगळा ठेवतं. दहा फाइली मिळून एक बदल केला, हे त्याला माहीतच नसतं. म्हणून ते गिटमध्ये नेणारी साधनं अंदाज बांधतात: एकाच माणसाने, एकाच मजकुरासह, काही मिनिटांच्या आत केलेल्या नोंदी म्हणजे एक बदल समजायचा. सबव्हर्जनमध्ये बदलांना क्रमांक असतात. कोणी कुठे लिहून ठेवलं असेल की ही चूक अमुक क्रमांकाच्या बदलाने आली, तर गिटमध्ये गेल्यावर तो क्रमांक निरर्थक, कारण तिथे त्याजागी चाळीस अक्षरांची खूण असते. हे सगळं निभावतं. न निभावणारी गोष्ट म्हणजे नाव.

सीव्हीएस काय, सबव्हर्जन काय, लिहिण्याचा अधिकार मोजक्यांना. बाहेरच्या माणसाने पॅच पाठवायचा. पॅच म्हणजे कोणती ओळ गेली आणि कोणती आली एवढ्याचीच यादी, मागेपुढे तीन-तीन ओळींच्या संदर्भासह. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला पॅच हा प्रोग्रॅम ती यादी वाचून बदल बसवतो. कोणत्याही नमुन्याच्या वहीत ही चिठ्ठी चालते, म्हणून चार दशकांनंतरही ती टिकून आहे. पण पॅच आत घातला की वहीत नाव लागतं ते घालणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं नव्हे. घालणारा सज्जन असला तर कारणाच्या रकान्यात ‘हे अमक्याने पाठवलं’ असं लिहितो. घाईत असला तर राहून जातं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दात्याला मिळणारं मानधन म्हणजे त्याचं नाव, आणि नेमकं तेच नोंदवहीच्या आखणीत बसत नव्हतं. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्याचं कोरून ठेवलेलं आहे. परदेशातून आलेल्या दात्याच्या नावाला तिथे भिंत मिळाली. सबव्हर्जनमध्ये रकाना मिळाला नाही.

गिटमध्ये तो मिळाला, आणि त्याचं कारण लिनक्सच्या रिवाजात आहे. लिनक्स कर्नलचे पॅच पहिल्यापासून ईमेलने फिरत. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आत घेणारा तिसरा. लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिताना प्रत्येक कमिटमध्ये लेखक वेगळा आणि कमिट करणारा वेगळा, असे दोन रकाने ठेवले. त्याच लिनसने त्या एप्रिलमध्ये कर्नल गिटमध्ये आणला तेव्हा आधीचा सगळा इतिहास बाहेरच ठेवला. आवृत्ती २.६.१२ च्या एका कच्च्या प्रतीपासून वही कोरी सुरू झाली. ज्याला जुनं हवं त्याने ते वेगळं जोडून घ्यावं. म्हणजे नावांची सोय करणाऱ्यानेच हजारो नावं उंबऱ्याबाहेर ठेवली. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याला आज रात्री काम चालू करायचं असतं तो माणूस असंच करतो.

याच सुमारास आपल्याकडेही याच अडचणीशी झटापट चालली होती, खोडदपासून ८० किलोमीटरवर, पुण्यात. रेड हॅटच्या पुणे कार्यालयात मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिनक्सचं भाषांतर होई. मेनू, बटणं, चुकांचे संदेश, सगळं ‘पीओ’ नावाच्या फाइलींत. मराठीची फाइल ‘एमआर डॉट पीओ’. पण त्या फाइली कुठे पोचवायच्या? फेडोरा या लिनक्स आवृत्तीचे काही प्रकल्प सीव्हीएसवर, काही गिटवर, काही मर्क्युरिअलवर. ग्नोम हे डेस्कटॉप आधी सीव्हीएस, २००७ च्या सुरुवातीपासून सबव्हर्जन, २००९ च्या एप्रिलमध्ये गिट. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा कोड पुढे गिटवर गेला, पण भाषांतरं आजही सबव्हर्जनवर आहेत, आणि ‘स्क्रिप्टी’ नावाची एक आपोआप चालणारी स्क्रिप्ट दोन्हीकडची वाक्यं इकडून तिकडे नेते. ‘फाइल उघडता आली नाही’ एवढं एक वाक्य मराठीत नेण्यासाठी भाषांतरकाराने तीन-चार साधनं शिकायची आणि प्रत्येक ठिकाणी लिहिण्याचा परवाना मागायचा, असा हा कारभार.

२००७ मध्ये दिमित्रिस ग्लेझोस या ग्रीक विद्यार्थ्याने गूगलच्या उन्हाळी उपक्रमात फेडोरासाठी यावर तोड काढली. तिचं नाव ट्रान्सिफेक्स. भाषांतरकाराने एका ठिकाणी फाइल द्यायची; ती पुढे सीव्हीएसला जाते की गिटला, हे त्याने बघायचं नाही. ट्रान्सिफेक्स स्वतःच्या खात्याने त्या-त्या रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या वहीत, कमिट करायचं. वेगवेगळ्या नोंदवह्यांत बाहेरचं योगदान घ्यायची इतकी सरळ सोय मला दुसरी माहीत नाही. पण पुन्हा तेच झालं: वहीत नाव लागलं मध्यस्थ खात्याचं. भाषांतरकार वाचले ते पीओ फाइलीच्या आखणीमुळे. तिच्या माथ्यावरच शेवटचा भाषांतरकार कोण आणि भाषेची चमू कोणती, हे लिहायची जागा असते. एआयपीएसच्या चेंज डॉकसारखीच ही नोंद मालाच्या आत. ट्रान्सिफेक्सने पुढे थेट कमिटची सोय काढून टाकली, मग त्याचा कोडही बंद झाला. फेडोरा आधी झनाटाकडे, नंतर वेबलेटकडे गेलं. मराठीच्या फाइली या सगळ्या स्थलांतरांतून माथ्यावरच्या नावांसकट फिरत राहिल्या.

खोडदला परत येऊ. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या कोरिलेटरच्या कपाटांना पर्याय शोधायची वेळ आली आणि धाडसी निर्णय झाला: खास सर्किटं नकोत, बाजारात मिळणारे संगणक आणि लिनक्स वापरून गुणाकार सॉफ्टवेअरमध्येच करायचा, तोही माहिती येईल त्या वेगाने. टोरांटोचे उए-ली पेन आणि कार्नेगी मेलनचे जेफ्री पीटरसन यांना विश्वाच्या पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजन शोधायचा होता, त्यासाठी असं काहीतरी हवंच होतं. जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर जीएसबी हा सॉफ्टवेअर कोरिलेटर उभारला. २०१० च्या शोधनिबंधावर सहा लेखकांची नावं आहेत, चार पुण्याची आणि दोन परदेशची. वैज्ञानिकांना या बाबतीत प्रोग्रॅमरांपेक्षा एक सोय जास्त आहे. कोड कोणत्या वहीत होता हे विसरलं तरी निबंधाच्या माथ्यावर नावं छापलेली राहतात.

पुढच्या टप्प्यात, म्हणजे अद्ययावत जीएमआरटीच्या वेळी, एकदम ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळायचा होता. खोडदने कॅस्परचं सामान घेतलं. बर्कलेच्या डॅन वर्दिमर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली ही मंडळी दुर्बिणींसाठी खुल्या आराखड्याची सर्किटं आणि त्यांवर चालणारी लायब्ररी वाटतात. रोच नावाचा बोर्ड दक्षिण आफ्रिकेत घडला, ग्राफिक्स प्रोसेसरवरच्या कोरिलेटरच्या कामात मेलबर्नचं स्विनबर्न विद्यापीठ आणि एनव्हिडिया सोबत होते. कॅस्परची लायब्ररी आधी सबव्हर्जनवर होती, मग गिटवर गेली, आणि बर्कलेची एक शाखा, दक्षिण आफ्रिकेची दुसरी, अशी वाढत राहिली. इथे पॅचची चिठ्ठीही हतबल होते. कारण ही लायब्ररी बरीचशी सिम्युलिंकच्या आकृत्यांत आहे, चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. चौकोन जरा बाजूला सरकवला तरी फाइलीत भलतेच बदल दिसतात, आणि नव्या स्वरूपातली फाइल तर दाबून बांधलेलं गाठोडंच असतं. दोन शाखांतल्या आकृत्या एक करायच्या तर बसून डोळ्यांनी ताडून पाहायच्या. नोंदवहीला हे काम आपणहून जमत नाही.

कासाच्या घरातही असंच वळण आलं. एआयपीएस प्लस प्लसचा पाया वेगळा काढून कासाकोर नावाची लायब्ररी झाली होती. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथली माणसं तिच्यावर गूगल कोडच्या सबव्हर्जनमध्ये काम करत, तर एनआरएओकडे कासाच्या स्वतःच्या सबव्हर्जनमध्ये त्याच पायाची दुसरी प्रत. दोन्ही वह्या सबव्हर्जनच्याच, तरी दोन्ही प्रती हळूहळू एकमेकींपासून सरकल्या. साधन एक असून भागलं नाही. मालक दोन होते, हीच खरी अडचण. २०१० च्या दशकाच्या मध्यात दोन्ही प्रती जुळवून कासाकोर गिटहबवर एकच झालं आणि कासाने तेच वापरायचं मान्य केलं. हा निर्णय तांत्रिक कमी आणि सोयरीक जुळवण्याचा जास्त होता.

आज खोडदच्या निरीक्षणांवर पल्सार ताऱ्यांचं काम करणाऱ्याच्या संगणकात डोकावलं तर काय दिसतं? पीएसआरकाइव्ह आणि डीएसपीएसआर सोर्सफोर्जवरून, टेम्पो-टू बिटबकेटवरून, प्रेस्टो आणि पिंट गिटहबवरून, जीपीटूल घरचं. बिटबकेटने जुलै २०२० मध्ये मर्क्युरिअल बंद केलं तेव्हा जगभरच्या प्रकल्पांना एका हिसक्यात गिटकडे जावं लागलं. यांपैकी काहींना एका माळेत ओवणारा ‘पिंटा’ हा प्रोग्रॅम भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेच्या मंडळींनी लिहिला आणि २०२१ मध्ये त्याचा निबंध आला. २९ जून २०२३ रोजी युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून अतिशय मंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं, त्यात खोडदच्या तबकड्यांची निरीक्षणं होती. कोणत्या रेपोतल्या कोणाच्या ओळींनी त्या निकालाला हातभार लावला, याचा पूर्ण हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

एसकेए या जागतिक दुर्बिणीचं काम सुरू झालं तेव्हा तिचं नियंत्रण करणाऱ्या टेलिस्कोप मॅनेजरच्या आराखड्याचं नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे, म्हणजे खोडद चालवणाऱ्या संस्थेकडे आलं. नियंत्रणासाठी निवडलेली टँगो ही चौकट मूळची ग्रेनोबलची. तीही सोर्सफोर्जच्या सबव्हर्जनवरून गिटहबवर आणि तिथून गिटलॅबवर फिरून आली. एसकेएचा कोड आता गिटलॅबवर लिहिला जातो. पुण्याच्या चमूंपैकी एकीचं नाव हिमालय, दुसरीचं सह्याद्री. इथे प्रत्येक कमिटच्या मजकुरात जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या तिकिटाचा क्रमांक असावाच लागतो, म्हणजे हा बदल कोणत्या कामासाठी केला हे शोधता येतं. क्रमांक विसरला, किंवा मर्ज करण्याच्या विनंतीत काही कमी राहिलं, तर मार्व्हिन नावाचा बॉट लगेच टोकतो. कोडच्या प्रत्येक ओळीवर लेखकाचं नाव, कमिट करणाऱ्याचं नाव आणि तिकीट, तिन्ही असतात. तिकिटं ठेवणारं जिरा मात्र एका कंपनीचं उत्पादन आहे, आणि ते बदलायची वेळ आली की त्या क्रमांकांचं काय करायचं, हे काम पुन्हा कुणाच्या तरी अंगावर पडणारच आहे.